दारावरचा दगड

त्या दिवशी ऊनही नव्हतं, पाऊसही नव्हता. आभाळ नुसतं गढूळ. गडचांदूरकडच्या खाणींची पांढरी धूळ अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांवर बसत होती. वारा असता तर उडाली तरी असती.

त्याच अंगणात मी होते. मी किंगरी, गजानं वाजवायचं वाद्य. शिवणीच्या लाकडाची, बकरीच्या कातड्याची, घोड्याच्या केसांच्या तारांची. इतवारी परधानाच्या बापानं मला कोरलं. तो गेल्यावर मी इतवारीच्या मांडीवर आले.

माझं काम एकच, पहिल्यापासूनची गोष्ट सांगायची. देव गुहेत कोंडलेले, दारावर मोठा दगड. एकानं बाहेरून किंगरी वाजवली. आतल्यांच्या अंगात बळ आलं, त्यांनी दगड लोटला. देव सुटले, दगड मात्र वाजवणाऱ्यावर पडला. गोंडाच्या घरी माणूस मेला की त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या नेमून दिलेल्या परधानाला, म्हणजे गाणाऱ्याला, ही गोष्ट गावी लागते. तेव्हा कुठं मेलेला देवांत जातो. दुसऱ्या घरचा परधान चालत नाही. आमच्या वाट्याचं गोंडाचं घर म्हणजे जंगूचं.

आधी मी बोलायचं, मागून इतवारीनं. पण इकडे सिमेंटचा कारखाना आला, इतवारी खाणीत रोजीनं गेला आणि त्याच्या डाव्या हातावर दगड आला. बोटं वळेनात. तेव्हापासून मी खुंटीवर. माणसं माझ्याकडे बघायची, मग दुसरीकडे बघायची.

आता जंगूचा बाप वारला होता. सारे जंगूच्या अंगणात बसले होते.

"इतवारीभाऊ, बाबा अजून देवांच्या दाराबाहेरच उभा हाय ना?" जंगूनं विचारलं.

त्याची माय सोमारी म्हणाली, "जिवंतपणी जेवाले घडीभर थांबला नाई बुढा. आता उभा हाय."

कोणी हसलं, कोणी नाही.

इतवारीनं मला मांडीवर घेतलं. अंगठ्यानं तार दाबली. मी चिरकले. त्यानं गज खाली ठेवला.

"माह्यानं होत नाई. किंगरी बोलल्याबिगर परधान बोलत नाई."

मला सोड बाबा, गोष्ट नको सोडू, असं म्हणावंसं वाटलं. पण तार दाबल्याशिवाय मला कुठली वाचा?

तेवढ्यात शेजारची रुखमाबाई पुढं सरकली.

"इतवारीभाऊ, तो वाजवणारा दगडाखाली गेला, त्याची किंगरीबी गेली. मंग ही गोष्ट आपल्यापरेंत कशी आली? कोणी तरी तोंडानंच आणली ना? म्हण तू. आमी बसलो हाओ."