मैनाबाईची पट्टी

शुक्रवारी सकाळी आठ वाजता अकोल्याच्या नव्या दवाखान्यात डॉक्टरांनी मैनाबाईच्या उजव्या हाताची पट्टी कापली, आणि उद्घाटनाला जमलेली मंडळी नाकाला उपरणे लावून मागे सरली.

भगवंतराव वकील तेवढे जागचे हलले नाहीत. दवाखाना त्यांच्याच खटपटीने उभा राहिला होता. बाजारात दारोदार फिरून त्यांनीच वर्गणी जमवली होती आणि थोड्या वेळाने भाषणही त्यांचेच होते. मैनाबाईसुद्धा त्यांचीच अशील.

विलायतेत रुईची मागणी वाढल्यापासून गावात गाठी दाबण्याचे कारखाने निघाले होते. त्यातल्या एकात पेटीत रुई भरताना वरची फळी सुटली आणि मैनाबाईची बोटे चिरडली. अशा जखमींचे दावे घेणारा दुसरा वकील जवळपास नव्हता. लोक भगवंतरावांना ‘लुळ्यापांगळ्यांचा वकील’ म्हणत; त्यांना ते आवडे. पण मागच्या साली बाळापूरचा एक गाडीवान तारखेपर्यंत बरा झाला आणि कचेरीत ताठ चालत आला. दावा ऐकणाऱ्या गोऱ्या साहेबाने त्याचा पाय पाहिला, दावा काढून टाकला. ते भगवंतरावांच्या फार जिव्हारी लागले होते. म्हणून मैनाबाईला त्यांनी बजावले होते, “साहेब पाहीपर्यंत पट्टी सोडायची नाही. जखम वाळलेली दिसता कामा नये.” मग साहेब दौऱ्यावर गेला, तारीख लांबली, परत लांबली. पट्टी सोड, असा निरोप धाडायचे राहून गेले. भगवंतराव वर्गणीच्या मागे होते.

“ही बांधून ठेवायला कोणी सांगितलं?” डॉक्टरांनी विचारले.

मैनाबाईचा दीर नत्थुजी पुढे झाला. “थे वकीलसाहेबानं—”

“गप बसा, भाऊजी,” मैनाबाई म्हणाली. “मीच ठेवली. धुतली का ठनकते म्हून.”

“काहून खोटं बोलून राहिल्या, वहिनी?”

“त्याईचं भाषन हाय आज. नका सतावू त्याईले.”

‘मीच सांगितलं’, भगवंतरावांचे एवढे एक वाक्य पुरले असते. पण ते बाहेर पडले की दावाही जाणार आणि नावही. भगवंतराव म्हणाले, “आधी उपचार पाहा, डॉक्टर.” त्याच क्षणी त्यांच्या मनात येऊन गेले की हात असा सडल्याने दावा आता बळकट झाला. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“बोटं गेलीच,” डॉक्टर म्हणाले. “मनगट वाचतं का, उद्या पाहू.”

भाषण झाले. लोकांनी हार घातला. संध्याकाळी भगवंतराव खाटेपाशी गेले तेव्हा मैनाबाईला ताप होता.

“तारीख कधी हाय?” तिने विचारले.

“सोमवारी.”

“मंग नवी पट्टी चालन ना साहेबाले?”

भगवंतरावांनी मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, त्यांनाच सांगता आले नसते.

शनिवारी सकाळी दवाखान्याचे दार आतून बंद होते. नत्थुजी पायरीवर बसला होता. भगवंतराव त्याच्या शेजारी टेकू लागले. त्यांचे धोतर मळेल, म्हणून नत्थुजीने आपल्या पटक्याने पायरी झटकली. तेही त्यांना सोसवेना.

“सोमवारी साहेबानं इचारलं, पट्टी कोनं ठेवाले लावली,” नत्थुजी म्हणाला, “त मी काय सांगू?”

भगवंतरावांनी उठून दाराला कान लावला. डॉक्टर अजून बाहेर आले नव्हते.