तांब्याची झाक

"काकू, पिनो ग्रिजो वाइन पांढरी असते," साहेबांनी ग्लास खिडकीकडे धरला. "ही तर लाजलीय."

वाइनवर तांब्याची झाक होती. काकू एप्रनला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

अठरा हंगाम त्या द्राक्षं दाबायचं मशीन चालवत होत्या. या वाइनच्या द्राक्षाची साल करडी-गुलाबी, रस मात्र पाण्यासारखा. चुरडल्याबरोबर दाबून रस वेगळा काढायचा. सालींच्या संगतीत रेंगाळला की रंग चढलाच. काकूंच्या हातून तो एकदाही चढला नव्हता.

"मशीन बिघडलं होतं, असं लिहू का?" साहेब हळूच म्हणाले. "नाहीतर वरचे लोक तुम्हाला क्रेट धुवायला बसवतील."

"बिघडलं नव्हतं. मीच बंद केलं."

"किती वेळ?"

"तीन तास असतील."

"डुलकी लागली?"

"फोन होता. लेकीचा."

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. लेकीने चार वर्षांपूर्वी बोलणं टाकलं होतं, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी एकमेकांची खेचणारी माणसंही तो विषय टाळायची.

"मशीनच्या खडखडाटात तिला ऐकू येईना," काकू म्हणाल्या. "म्हणाली, नंतर करते. तिचं 'नंतर' मला माहितीये. म्हणून बटण दाबलं."

"एवढं काय बोललात?"

"काही नाही हो. तिच्याकडचा नळ गळतो. पडदे कुठले घेऊ, विचारत होती. मग माझा गुडघा."

"मध्ये 'थांब, आलेच' म्हणायचं."

"आणि तिने ठेवून दिला असता तर?"

साहेबांनी विचारलं, "परत आला फोन?"

"तीनच आठवडे झालेत अजून."

टाकीतली ही वाइन दुसऱ्या वाइनमध्ये मिसळायचं ठरलं. रंग कुणाला दिसणार नव्हता. काकूंची बदली क्रेटकडे झाली.

"तिथे खडखडाट तरी नाही," त्या म्हणाल्या. "मिसळायच्या आधी एक बाटली द्याल का यातली?"

"तुम्ही कुठे पिता, काकू?"

"प्यायला नकोय."

घरी त्यांनी बिनलेबलाची बाटली खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली. आवाज पूर्ण वाढवून फोन बाटलीला टेकवला आणि समोर बसल्या. बाटलीतून आलेला उन्हाचा तांबूस तुकडा टेबलावरून सरकत सरकत दुसऱ्या खुर्चीवर गेला आणि तिथेच थोडा वेळ राहिला.