माझ्या पाठीवरच्या गाठी

मित्रांनो, मी चर्चमधल्या वेदीवर अंथरायचे जुने कापड आहे. अंगभर द्राक्षांचे वेल, मधोमध एक कोकरू. सत्तर वर्षे लोक माझ्यासमोर गुडघे टेकत आले. माझी तारीफ करीत, शेजारच्या पितळी पाटीवर कारखानदाराचे नाव वाचीत आणि मान डोलवीत.

त्याच्या कारखान्यात मला विणले दोन बहिणींनी. माग रुंद होता. दोघी एकाच फळीवर बसत. डावी बाजू मोठीची, उजवी धाकटीची. वाऱ्याने धागे हलतात म्हणून खिडक्या बंद. अशा मागावर विणणाऱ्याकडे कापडाची पाठ असते. माझा चेहरा त्यांनी शेवटच्या दिवशी पाहिला. पाठ मात्र तोंडपाठ होती.

कापडावर नाव घालायला बंदी होती. पण मोठी डावखुरी, पाठीवर धाग्यांची टोके बांधताना तिच्या गाठी उलट्या वळणाच्या पडत. "ही तुझी सहीच की गं, ताई," असे धाकटी चिडवायची. मी पुरे झाले, आणि त्याच हिवाळ्यात मोठी खोकून खोकून गेली.

यंदा एक संशोधक बाई आल्या. विसरलेल्या विणकरांवर त्या पुस्तक लिहीत होत्या. कारखान्याच्या दप्तरात बहिणींचा उल्लेखच नव्हता. धाकटी आता पंच्याऐंशीची, डोळ्यांनी अधू. बाईंनी तिला हात धरून आणले.

"माझं नाव राहू द्या," आजी म्हणाल्या. "ताईचं तेवढं छापा."

"छापते ना, आजी. फक्त पुरावा हवा."

"मग पालथं घाला त्याला. डावीकडच्या गाठी उलट्या आहेत. आंधळीला कळतात, तुम्हाला का नाही कळणार?"

चर्चच्या सेवकाने मला पालथे केले. आजींची बोटे माझ्या पाठीवर फिरली. फिरतच राहिली.

"हे दुसरंच कापड आहे."

"तेच आहे, आजी," सेवक खुशीत म्हणाला. "बाई येणार म्हणून परवा बसून सगळ्या गाठी कातरल्या. बघा, कसं गुळगुळीत झालंय!"

"मेल्या, माझ्या बहिणीची हजामत केलीस रे!"

कोणी हसले नाही.

"कातरण कुठंय?" बाईंनी विचारले.

"जाळली," सेवक पुटपुटला. तो वाईट माणूस नव्हता. मला दर आठवड्याला झटकणारा तो एकटाच.

"नुसत्या आठवणीवर नाव छापता येत नाही, आजी," म्हणत बाईंनी वही मिटली.

पुस्तक निघाले. माझे चित्र पानभर आहे. खाली छापले आहे: विणकर अज्ञात. गाठी गेल्यापासून माझी वीण जागोजागी सुटू लागली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूला कात्री लावण्याआधी ती कोणी केली ते विचारा. मोठीचे नाव आता एकाच तोंडी उरले आहे. आजी चर्चमागच्या गल्लीत राहतात. त्यांना कमी ऐकू येते, जरा मोठ्याने विचारा. आणि लवकर जा.