माझी दोरी सवतीच्या अंगावर

मित्रांनो, मी रवी. ताक घुसळायची लाकडी रवी. जुनी आहे, पण मोडकी नाही; या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे आधीच सांगून ठेवते.

वडनेर भोलजीच्या मोतीराम सुतारानं मला शिसवाच्या लाकडातून घडवलं. माझ्या पाकळ्या त्यानं अशा कोरल्या, की येणारी-जाणारी बाई हात फिरवल्याशिवाय पुढे जात नसे. रंगरावांच्या घरी मी नांदायला आले. कमरेला सुती दोरीचे वेढे घ्यायचे आणि गरगर फिरायचं. "या घरच्या लोण्याले तोड नाही," असं शेजारणी म्हणत. नाव घरधनिणीचं व्हायचं, पण थंडगार दह्यात उभी कोण राहायची? मी!

त्या घरची लेक पुष्पा. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं, तेव्हा ती नागपूरला जाऊन एक नवीच विद्या शिकून आली. लकव्यानं ज्याचा हात गेला, त्याला कामातूनच पुन्हा काम शिकवायचं. व्यवसायोपचार असं त्या विद्येचं जडसं नाव. मलकापूरच्या एका दवाखान्यात तिला खोली मिळाली, तशी ती मला न्यायला आली.

"काऊन वं, तिथं ताक इकतं का?" आईनं विचारलं.

"नाही माय, हात शिकवतो."

रवीला दोन्ही हात लागतात. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं सैल सोडायचं, मग उलट. धड हात ओढू लागला, की रुसलेल्या हातालाही उठावंच लागतं. लोक आधी हसले. "दुखणं घेऊन आलो, तं कामालेच लावते बे ही बाई!" पण हळूहळू बोटं वळू लागली आणि हसणारी तोंडं ताक पिऊन गप्प झाली. खोलीत चरखा होता, सूप होतं, पण ते आपली पायरी ओळखून होते.

मग माझी सवत आली.

पुष्पाला त्या विद्येतली सगळ्यात वरची पदवी घ्यायची होती. नावाआधी डॉक्टर लागतं, ती. दिवसभर रोगी, संध्याकाळी पुस्तकं. पण पदवी देणाऱ्या मुंबईच्या विद्यापीठातल्या साहेबांनी कळवलं, की हात सुधारला हे डोळ्यांनी दिसून चालत नाही, मोजून दाखवा. म्हणून पकड मोजायचं यंत्र आलं. चकचकीत अंग, घड्याळासारखं तोंड, त्यात एक काटा आणि खाली चामडं गुंडाळलेली मूठ. मूठ दाबली की काटा चढायचा. बस, एवढंच काम! ना ताक, ना लोणी. तरी तिला मखमलीची पेटी आणि मऊ फडकं. मला मात्र पाण्यात विसळायचं आणि भिंतीला टेकवायचं. नव्या सुनेनं पहिल्याच दिवशी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरावं, तशी ती मिरवायची.

त्याच सुमारास बीबी गावच्या झुंबरबाई उजवा हात लुळा घेऊन आल्या. मलकापुरात लेकीकडे राहून त्या रोज येत. गळ्यात तुळशीची माळ आणि जिभेला धार. आधी त्यांची बोटं माझ्या दोरीवरून गळून पडायची. मग अंगठा अडकू लागला, मग मूठ वळली. लोणी वर आल्याशिवाय दोरी सोडायची नाही, ही आमच्याकडची रीत. त्या रीतीनंच तो हात बळावला. पुष्पाचा सगळा अभ्यास याच हातावर उभा होता.

पण यंत्र हातात दिलं की काटा ढिम्म! मला केवढा आनंद व्हायचा. "दाखव आता तुझी अक्कल," मी सवतीला मनातल्या मनात म्हणायची.

एके दिवशी मुंबईचे साहेब स्वतः पाहायला आले. त्यांच्यासमोरही काटा जागचा हलला नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्ही कष्ट घेतलेत. पण हे असं असेल, तर विषय मान्य होणार नाही. पदवीचा विचार सोडा."

लहानपणी दह्याचं गाडगं हातून फुटलं, तेव्हा पुष्पाचं तोंड जसं झालं होतं, तसंच आता झालं. माझा आनंद तिथंच नासला.

झुंबरबाईंना साहेबाचं काय? त्यांचं दही वाट पाहत होतं. त्या माझ्यापाशी बसल्या आणि दोरी ओढली. उजव्या मनगटाच्या शिरा तटतटल्या. साहेब पाहतच राहिले.

पुष्पा जवळ जाऊन बसली. "आजी, इथं मूठ आवळता, तं तिथं काऊन नाही?"

"तिथं चामडं हाये ना वं."

"मंग?"

"मंग काय मंग! याच हातानं बाळकृष्णाले लोणी दाखवा लागते मले. चामडं दाबलेल्या हातचं खाईन का तो?"

"सांगतलं काऊन नाही?"

"तू इचारलं कई? दाब म्हणे, दाबलं. दोन बोटानं."

साहेबांना हसू आलं. "आजी, पायातल्या चपला कशाच्या आहेत?"

"पायानं लोणी नाही काढत मी, सायेब!"

पुष्पा उठली. तिनं सवतीच्या मुठीवरचं चामडं सोललं आणि, मित्रांनो, काळजावर हात ठेवून ऐका, माझ्या कमरेची दोरी सोडून त्या मुठीवर गुंडाळली! माझी दोरी! इतक्या वर्षांच्या लोण्यानं मऊ झालेली. माझ्या देखत सवत ती नेसली आणि मी बोडकी उभी.

झुंबरबाईंनी मूठ नाकाशी नेऊन हुंगली. "हां, आता घरची झाली," म्हणाल्या आणि आवळली. काटा असा उसळला, की साहेब खुर्चीवरून उठले.

विषय मान्य झाला. पुष्पा मुंबईला गेली, तेव्हा सवत मखमलीत बसून आगगाडीनं गेली. मी इथंच, नव्या खरखरीत दोरीत. पुष्पा डॉक्टर होऊन परतली. तिच्या प्रबंधात सवतीचा फोटो पानभर आहे. कडेला माझी एक पाकळी दिसते, तीही अर्धी. तो फोटो पाहिला त्या दिवशी मी लोणी येऊ दिलं नाही. दही बिघडलं म्हणाले, म्हणोत.

पण पहिला रोगी आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पेटी उघडली नाही. "आधी दही आणा," म्हणाल्या.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी एकदा तिला हात लावून पाहा. विसळा, पुसा, सावलीत वाळवा. उन्हात लाकूड तडकतं. आणि कधी त्या खोलीत गेलात, तर सवतीच्या काट्याकडे खुशाल पाहा, सगळेच पाहतात. मग तिची मूठ तेवढी हुंगून बघा. अजून ताकाचा वास येतो.