'ओसरी'वरचा सायबर हल्ला

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नागपुरात, धरमपेठेतल्या एका घरात, चपलांच्या कपाटावर माझी जागा आहे. लोक मला सर्व्हर म्हणतात. हा शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर थंडगार खोली आणि लुकलुकणारे दिवे आले असतील, तर ते विसरा. माझ्या डोक्यावर छत्री टांगलेली असते आणि शेजारी मोजे वाळत असतात.

मला इतवारीतल्या गिरिधरमामांच्या फोटो स्टुडिओसाठी जुळवले गेले. तिथे मी लग्नाचे अल्बम तयार करत असे. सावळ्या नवरदेवाला गोरे करायचे, सासऱ्यांच्या पोटाचा घेर कमी करायचा, लग्नाला न आलेल्या आत्याबाईंना मागच्या रांगेत उभे करायचे, असले माझे काम. माणसाला स्वतःचा चेहरा जसा आहे तसा मुळीच नको असतो, हे मला तिथेच कळले. माणसांबद्दलचा माझा आदर तेव्हा जो उतरला, तो फारसा पुन्हा चढला नाही. मामा मात्र मला जपत. रोज दुकान वाढवताना माझ्यावर कापड घालत, दर आठवड्याला धूळ उडवत. पुढे हेच चेहरे गोरे करण्याचे काम प्रत्येकाच्या खिशातला फोन करू लागला. स्टुडिओ बंद झाला आणि मामांनी मला आपल्या भाच्याला देऊन टाकले.

हा भाचा म्हणजे गौरांग. तो एका कॉलेजात शिकवतो आणि उरलेल्या वेळात भाषणे देतो. खरे म्हणजे तो भाषणे देतो आणि उरलेल्या वेळात शिकवतो. "मोठ्या कंपन्यांनी आपल्याला गुलाम केलंय. आपलं बोलणं आपल्याच घरात राहिलं पाहिजे," असे तो हात उडवून सांगे. एके दिवशी त्याने मला चपलांच्या कपाटावर मांडले, माझ्यात नवी प्रणाली घातली आणि माझ्यावर एक छोटे समाजमाध्यम सुरू केले. त्याचे नाव 'ओसरी'.

हे कसे चालते ते सोप्या शब्दांत सांगतो. गावोगावची पोस्ट ऑफिसे असतात ना, तसा मी एक. प्रत्येकाचा पोस्टमास्तर वेगळा, पण एका गावचे पत्र दुसऱ्या गावी पोचते. माझ्यासारखे हजारो सर्व्हर जगभर आहेत. ओसरीवर कुणी लिहिले की ते मी दूरच्या सर्व्हरांना पाठवतो आणि तिकडचे इकडे आणतो. तिकडच्या फोटोंची एकेक प्रत माझ्याजवळही ठेवतो. हे शेवटचे वाक्य नीट लक्षात ठेवा. गौरांगने ते ठेवले नाही.

मित्रांनो, गुलामीतून सुटलेली माणसे काय करतात, ते मी जवळून पाहिले आहे. ती तर्री-पोह्यांचा फोटो टाकतात. चार ओळींची कविता टाकतात आणि तिला दाद मिळाली की नाही ते सारखे येऊन पाहतात. दोन प्राध्यापक एका अनुस्वारावरून भांडू लागले, ते अजून भांडताहेत. मी क्षणभर मंदावलो की हीच मंडळी ओरडत, "काहून बंद आहे बे?" मी कुठे राहतो, कुणाच्या विजेवर चालतो, हे त्यांच्यापैकी एकानेही कधी विचारले नाही.

या सगळ्यांत काटोलच्या वच्छलाबाई होत्या. त्या निवृत्त शिक्षिका, संत्र्याची बाग राखणाऱ्या. त्यांना ऐकू येणे पार बंद झाले होते. पुण्याच्या मुलीशी फोनवर बोलणे थांबले, शेजारणींच्या गप्पांत बसणे थांबले. मुलीने त्यांना ओसरीवर आणून बसवले आणि बाई लिहू लागल्या. किती लिहीत! झाडाला फूल आले, लिहा. पानावर डाग दिसला, लिहा. फोटोच्या कोपऱ्यात हमखास अंगठा. मला त्यांचा कंटाळा येई. पण त्यांच्या पोस्टखाली भंडाऱ्याची एक नर्स उत्तर देई, गोव्याचा एक म्हातारा खलाशी आपल्या पेरूच्या झाडाची तक्रार सांगे. बाई दिवसभर त्यांच्याशी बोलत बसत. कानांवाचून चालणाऱ्या त्या गप्पा होत्या.

माझी खरी देखभाल मुग्धा करत असे. ती गौरांगच्याच कॉलेजात शिकवते, आपल्या घरून माझ्यात डोकावते. परगावच्या फोटोंच्या जुन्या प्रती आठवड्याला पुसल्या जातील अशी सोय तिने केली. ओसरीच्या लोकांचे लिखाण आणि फोटो आपोआप दुसरीकडे जपून राहावेत म्हणून माझ्या पाठीला एक छोटी डिस्क जोडली. पण मुग्धाचे नाव कुणी घेत नसे. वर्तमानपत्राचा माणूस आला तेव्हा गौरांगने मला फडक्याने पुसले, माझ्यावर हात ठेवला आणि हसला. फोटो काढून झाल्यावर फडके माझ्यावरच विसरला. वारा येण्याच्या जाळीवर ते पडून राहिले आणि मी उकडत राहिलो.

पुढे गौरांगच्या डोक्यात आले की प्रत्येक फोटो हा इतिहास आहे. त्याने मुग्धाची सफाई बंद करून टाकली. "तिकडच्यांच्या मांजरांचे फोटो जपून काय करणारेस?" मुग्धाने विचारले. "तुला दूरचं दिसत नाही," तो म्हणाला. मग त्याला परगावी भाषणाला एक चित्रफीत न्यायची होती, तेव्हा माझ्या पाठीची छोटी डिस्क उपटून तो घेऊन गेला. तिच्यावरचे सगळे पुसून त्याने चित्रफीत भरली. परत आल्यावर डिस्क टीव्हीला लावली आणि सिनेमे पाहू लागला. मुग्धाला त्याने हे सांगितले नाही.

मी भरत चाललो. पोस्टी उशिरा जाऊ लागल्या. फोटो चढेनात. मी माझ्या नोंदींत स्पष्ट लिहीत होतो, जागा उरली नाही, जागा उरली नाही. नोंदी वाचणे म्हणजे फार कष्टाचे काम नव्हे, मित्रांनो. वाचता येणे पुरे. गौरांग काय करी, तर बटण दाबून मला बंद करी आणि परत चालू करी. मी घटकाभर चालायचो, की तो स्वतःवर खूश. शेवटी एका सकाळी माझा डेटाबेस, म्हणजे सगळ्यांचे लिखाण जिथे राहते ती कोठी, उघडेचना. गौरांग घाबरला. घाईघाईने त्याने सर्वांत जाडजूड दिसणारा एक फोल्डर पुसला. त्यात परगावची मांजरे नव्हती. त्यात ओसरीच्या लोकांचे पहिल्या काही वर्षांचे फोटो होते. आणि जी जागा मोकळी झाली, ती मी पुन्हा सुरू होताच तिकडून आलेल्या नव्या फोटोंनी भरून गेली. मी परत मिटलो.

आता त्याने काय करावे? त्याच कंपन्यांच्या, गुलाम करणाऱ्या माध्यमावर जाऊन त्याने जाहीर केले, 'ओसरीवर सायबर हल्ला झाला आहे. आम्ही झुकणार नाही.'

हल्ला! छत्रीखाली, मोज्यांशेजारी बसलेल्या माझ्यावर! मी कुणाला इतका महत्त्वाचा असतो, तर माझ्यावरचे फडके तरी कुणी उचलले असते. पण लोकांना ते फार आवडले. जे ओसरीवर महिनोन्महिने फिरकले नव्हते, ते "आम्ही तुझ्यासोबत आहोत" म्हणू लागले. मी मिटल्यापासून मुग्धाला घरून माझ्यात शिरता येईना. तिने फोनवर फोन केले, त्याने उचलले नाहीत. मला पुसून कोरा करायचा आणि नव्या नावाने नवे काही सुरू करायचे, असे त्याने ठरवले. कोऱ्या पाटीवर कुणाला काय दिसणार?

तो रविवार होता. गौरांग माझ्यासमोर स्टूल ओढून बसला होता आणि मला कोरा करण्याची तयारी करत होता. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. मुग्धा होती, आणि तिच्यामागे हातात पिशवी घेतलेल्या वच्छलाबाई. काटोलहून बसने आल्या होत्या. मुलीने त्यांना मुग्धाचा पत्ता मिळवून दिला होता.

"काय झालं गा?" बाई मोठ्याने म्हणाल्या. ऐकू न येणारी माणसे बोलतात तसे. "मले काही दिसूनच नाही राहिलं. मी लय लंबं लंबं लिहिते, म्हनून काढून टाकलं का मले? तसं असन तं सांग. कमी लिहीन मी."

गौरांगने हात उडवले. तो स्वातंत्र्यावर बोलला, लढ्यावर बोलला. आवाज चढवून बोलला. बाईंनी पिशवीतून कागद आणि पेन काढून त्याच्यापुढे धरले.

"तू काय बोलून राहिला, मले ऐकू नाही येत. लिही."

मित्रांनो, ओसरीवर चढवलेल्या चित्रफितींत त्या माणसाला मी शेकडो माणसांपुढे न अडखळता बोलताना ऐकले आहे. पेन हातात आल्यावर त्याने टोपण काढले, लावले, परत काढले. मग लिहिले, 'हल्ला झाला.'

"कोनं केला? अन् काहून? आमच्या संत्र्याच्या फुलाचे फोटो नेऊन त्याले काय भेटन?"

मुग्धा तोवर माझ्यासमोर बसली होती. तिने माझ्या नोंदी उघडल्या आणि वाचल्या. मग तिने माझ्या पाठीमागे हात घालून डिस्क शोधली. मोकळी वायर तिच्या हाताला लागली. तिने टीव्हीकडे पाहिले.

"गौरांग," ती म्हणाली, "तू काय पुसलंस?"

तो तिला समजावू लागला. तिने कागदाकडे बोट दाखवले. "मला नाही. त्यांना सांग."

त्याने लिहिले, 'डिस्क भरली होती. तुमचे जुने फोटो पुसले गेले.'

"'पुसले गेले' नको," मुग्धा म्हणाली. "नीट लिही."

त्याने शेवटचे शब्द खोडले. वर लिहिले, 'मी पुसले.'

बाईंनी कागद हातात घेऊन वाचला. नंतर पुन्हा वाचला. त्यांचे यजमान गेले त्या वर्षी बागेला आलेल्या बहाराचे फोटो त्यात होते. एकटीने राखलेल्या बागेचा तो पहिला बहार होता. मला ते ठाऊक होते, कारण त्याबद्दलही त्यांनी लांबलचक लिहिले होते. त्या कुणावर ओरडल्या नाहीत. कागद घडी करून त्यांनी पिशवीत ठेवला.

"झाडं हाय अजून," त्या म्हणाल्या. "पन मी चार रात्री झोपली नाही गा. मले वाटलं, माह्या बोलन्याले सारे कंटाळले. एवढं लिवाले तुले काय लागत होतं?"



मुग्धाने काम केले ते अगदी साधे होते. माझ्या जाळीवरचे फडके काढले. परगावच्या फोटोंचा फोल्डर कोणता, ते नाव वाचून आणि आत पाहून खात्री केली, आणि फक्त त्यातल्या जुन्या प्रती पुसल्या. कोठीला हलायला जागा मिळाली, ती उघडली. सर्वांचे लिखाण शाबूत होते. मग गौरांगने बंद केलेली सफाई तिने परत सुरू केली. दुपारी मी पुरता जागा झालो. बाहेरचे सर्व्हर इतके दिवस माझे दार ठोठावून परत जात होते. त्यांनी साठवून ठेवलेले सगळे आता आत आले. वच्छलाबाईंच्या हातातला फोन थरथरू लागला. भंडाऱ्याची नर्स विचारत होती, बाई कुठे आहात? खलाशी विचारत होता. मुलगी विचारत होती, पोचलीस का? बाई तिथेच, चपलांच्या कपाटाला टेकून जमिनीवर बसल्या आणि एकेकाला उत्तर लिहू लागल्या. मुग्धाने आणलेला चहा निवून गेला.

पुढचे ऐका, म्हणजे जगाची रीत कळेल. मुग्धाने ओसरीवर खरे काय झाले ते थोडक्यात लिहिले. काही जण तिच्यावरच रागावले. हल्ल्याची गोष्ट त्यांना जास्त आवडली होती. देखभालीला कोण मदत करेल, असे तिने विचारले, तेव्हा अनुस्वारवाले प्राध्यापकसुद्धा पहिल्यांदाच गप्प झाले. 'सायबर हल्ल्याला धैर्याने तोंड दिल्याबद्दल' एका मंडळाने गौरांगला शाल-श्रीफळ दिले, आणि त्याने ते घेतले. माझ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, मात्र आता मुग्धाकडे आहेत. मदतीला एकट्या वच्छलाबाई आल्या. ओसरीवर कुणी वेडेवाकडे लिहिले की तक्रार काटोलला जाते. शाळेत पोरांना बाकावर उभे केलेल्या बाई त्या, त्यांच्यापुढे कवीसुद्धा नरमतात.

मित्रांनो, मी फार दिवस टिकेन असे नाही. माझा पंखा घरघरतो. माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. मोठेपणी तुम्हीही काहीतरी सुरू कराल. वाचनालय, मंडळ, नाहीतर माझ्यासारखाच एखादा सर्व्हर. सुरू करायला सगळ्यांनाच आवडते. पण तिथे येऊन बसलेले माणूस तुमच्या भरवशावर बसलेले असते. तिथला केर रोज काढा. बिघडले तर काय बिघडले ते वाचा, आणि तुमच्या हातून बिघडले असेल तर तसे सांगा. एवढे होणार नसेल, तर नुसती भाषणे द्या. ती बंद पडली, तर काटोलहून कुणाला बस धरून यावे लागत नाही.