लाल अक्षरं कधी दाखवायची

“माणूस अजून लिहितोय ना, मग आपण मध्येच का ओरडायचं?” पडवीत बसून प्रणाली लॅपटॉपला सांगत होती. लॅपटॉपच्या आत तिचा पुण्याचा साहेब होता. कंपनीच्या वेबसाइटवर मोबाइल नंबरचा पहिला आकडा टाकला रे टाकला, की खाली लाल अक्षरांत ‘नंबर चुकीचा आहे’ असं उमटायचं आणि लोक फॉर्म सोडून पळायचे. प्रणालीचं म्हणणं एवढंच, की माणसाला त्याचा रकाना पुरता भरू द्यावा, मग काय ती चूक दाखवावी. साहेबाला पटलं. याच कामाचा तिला पगार मिळे. नागावात मात्र ते कुणाला धड सांगता येत नसे. तिची आई नीराबाई शेजारणींना “पोरगी लोकांच्या चुका काढते” असं सांगून मोकळी होई, आणि यासाठी कुणी पैसे देतं याचंच त्या बायकांना नवल वाटे.

घरात तिचा नियम चालत नव्हता. वडिलांना, नानांना, अर्धांगवायूचा झटका आल्यापासून शब्द तुकड्यातुकड्याने येत. ते “पा” म्हणाले की नीराबाई पाण्याचा तांब्या पुढे करी. त्यांना हवं असे पान. सुरुवातीला ते हात झटकत. पुढे पुढे पाणी पिऊ लागले. सगळ्यांचाच वेळ वाचला.

त्या दुपारी अलिबागचा रितेश आला. नानांनी स्वतः लावलेली सुपारीची वाडी तोडून तिथे कॉटेजेस आणि पोहण्याचा तलाव करायचा त्याचा बेत होता. प्रणालीचा भाऊ सुजित कधीचा तयार होता. पण वाडी नानांच्या नावावर, आणि रितेश व्यवहाराला पक्का. अंगठा नंतर, आधी नानांना तोंडाने सांगू दे, मागाहून भानगड नको, असं म्हणत त्याने मोबाइल त्यांच्यासमोर धरून शूटिंग सुरू केलं.

“नाना, वाडी द्यायची ना?” सुजितने विचारलं.

“न…” नानांची जीभ अडली. “नक…”

सगळे थांबले. नीराबाईसुद्धा गप्प राहिली. रितेशचा हात भरून आला. प्रणालीची पुढची मीटिंग सुरू व्हायला आली होती. नानांचे ओठ हलत होते, त्यातून काही निघत नव्हतं.

“नक्की,” प्रणाली म्हणाली. “नक्की म्हणतायत ते.”

नानांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. तांब्याकडे पाहत तसं.

“बरं झालं ताई, तुम्ही होतात,” रितेशने मोबाइल खिशात टाकला. सुजितने नानांचा डावा अंगठा शाईवर दाबला, मग कागदावर. नानांनी हात ओढून घेतला नाही.

रितेशला सोडायला सुजित फाटकापर्यंत गेला. नीराबाई कप गोळा करू लागली. प्रणाली फडक्याला खोबरेल तेल लावून नानांचा अंगठा पुसायला बसली.

“…को,” नाना म्हणाले.

प्रणालीचा हात थांबला.

“कोकम व्हय?” नीराबाई आतूनच म्हणाली. “थांबा, आणते. केलेलं हाय.”

सरबत आलं. नाना सगळं प्यायले. अंगठ्याची शाई निघून गेली होती. प्रणाली पुसतच राहिली.