सरावातलं कोपर

आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावच्या थाई बॉक्सिंग क्लबात संकेत सगळ्यांना ऐकवायचा, "मुए थाय ही रणांगणातली विद्या. हातातलं शस्त्र गेलं की सैनिक कोपरानं लढायचे. तुम्ही तिचा नुसता खेळ करून टाकलात!"

"सेनापती, आधी हातमोजे तर बांधा," सरावातला त्याचा जोडीदार निमिष चिडवायचा.

शनिवारी निमिषची पहिली स्पर्धा होती. मंगळवारच्या सरावात त्यानं संकेतला दोनदा सहज चकवलं. सगळे हसले, आणि संकेतनं सरावात बंदी असलेलं कोपर फिरवलं. निमिषची भुवई फाटली.

"शनिवारचं आता विसर," जखम बघून प्रशिक्षक म्हणाले.

फेरी संपली की हातमोज्याला हातमोजा टेकवायची रीत होती. संकेतनं हात पुढे केला.

"ग्रँड आहे रे, काही नाही झालं," निमिष तिथल्या आयरिश ढंगात म्हणाला आणि हातमोजा न टेकवताच मान खाली घालून हातमोजे सोडू लागला.